रक्त थांबलं, जोडाचं काय?

श्रोतेहो, नमस्कार. शेतात विळा लागला की बांधावरचा दगडीपाला तळहातावर चोळून त्याचा रस जखमेवर पिळायचा, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. पण मोठ्या आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं जोडली असतील, तर तिथे झाडपाल्याचा काही उपयोग होईल का?

तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. तिथे अंकाफर्ड नावाचं रक्त थांबवणारं औषध मिळतं. त्यात पाच वनस्पती: ज्येष्ठमध, द्राक्षवेल, कुलिंजनाच्या जातीचं एक मूळ, हिमालयात बिच्छू घास म्हणतात त्या जातीची वनस्पती आणि थाइम. या थाइमचा वास आपल्या ओव्याची आठवण करून देतो, कारण थायमॉल दोन्हींत असतं. हे औषध रक्ताला लागताच प्रथिनांचं जाळं तयार होतं आणि तांबड्या पेशी त्यात अडकतात. दात काढल्यावर, कातडीवरच्या जखमेवर ते वापरतात. पुढे उंदरांच्या आतड्याच्या जोडावरही ते लावून पाहिलं. जोड किती दाबाला फुटतो, हे मोजलं.

खरी मेख इथे आहे. रक्त मिनिटांत थांबतं, जोड भरायला दिवस लागतात. आतड्याच्या भिंतीत टाका धरून ठेवतो तो आतल्या अस्तराखालचा कोलॅजनचा, म्हणजे चिवट प्रथिनाच्या धाग्यांचा थर. अमेरिकन सर्जन हाल्स्टेड यांनी 1887 मध्येच ते दाखवलं होतं. शस्त्रक्रियेनंतर पहिले तीन-चार दिवस शरीर तिथलं जुनं कोलॅजन मोडत असतं, नवं अजून पुरेसं झालेलं नसतं. तेवढे दिवस सगळी भिस्त टाक्यांवर. शिवाय दोन्ही टोकांना रक्त पोचायला हवं. रक्तस्राव थांबवताना हा पुरवठाच तुटला, तर जोड सुटण्याची भीती. आणि उंदराचं आतडं भराभर भरून येतं, त्यामुळे त्याच्यावरचा निकाल माणसाला तसाच लावणं मला तरी घाईचं वाटतं.

सुश्रुतसंहितेत रक्त थांबवण्याचे चार उपाय आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. म्हणजे तुरट औषधं, थंडावा, राख आणि डागणं. आतड्याला भोक पडलं असेल तर मात्र वेगळीच युक्ती: कडा जुळवायच्या, त्यांवर काळ्या मुंग्या डसवायच्या, डोकी तिथेच ठेवून धडं छाटायची. रक्त थांबवणं आणि आतडं जोडणं, दोन कामांना दोन उपाय!

तुमच्या घरी कुणाची अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर चालू असलेले काढे, चूर्णं, गोळ्या सर्जनना आधीच सांगा. लसणाच्या किंवा गिंको नावाच्या झाडाच्या अर्काच्या कॅप्सूलनी रक्तस्राव वाढू शकतो. त्या कधी बंद करायच्या ते सर्जनच ठरवतील. भाजीतल्या लसणाच्या फोडणीबद्दल मी बोलत नाहीये. विडी-सिगारेट मात्र सोडाच, तिच्यामुळे जोड गळण्याचा धोका वाढतो. आणि शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर ताप आला, नाडी जोरात धावू लागली, पोट फुगलं किंवा दुखणं वाढलं, तर सकाळची वाट न पाहता पेशंटला रुग्णालयात घेऊन जा.