नावात आधी डीजे

अल्बमचं नाव ‘ही इज द डीजे, आय ॲम द रॅपर’. तो डीजे, मी रॅपर. माइक रॅपरच्या हातात आहे, तरी ओळख आधी करून देतोय ती सोबत्याची. डीजे जॅझी जेफ आणि फ्रेश प्रिन्स या अमेरिकन जोडीच्या, १९८८ साली आलेल्या या रॅप अल्बमबद्दल आजवर जे बोललं गेलं, ते बहुतेक या वाक्याच्या उत्तरार्धाबद्दल. आपण पूर्वार्धापासून सुरुवात करू.

पश्चिम फिलाडेल्फिया. जेफ्री टाउन्स, म्हणजे डीजे जॅझी जेफ, पोरवयापासून वस्तीतल्या पार्ट्यांमध्ये रेकॉर्ड वाजवायचा. विल स्मिथ, म्हणजे फ्रेश प्रिन्स, त्याच्याहून साडेतीन वर्षांनी लहान, ओव्हरब्रुक हायस्कूलमध्ये शिकणारा. १९८५च्या सुमारास विलच्या घराजवळ एक पार्टी होती. वाजवायला जेफ आला होता, पण माइकवरचा त्याचा नेहमीचा साथीदार पोहोचला नव्हता. विलनं माइक उचलला. पुढच्याच वर्षी त्यांचं पहिलं गाणं रेडिओवर वाजू लागलं, तेव्हा विलची शाळाही संपली नव्हती.

त्याच १९८६ साली न्यूयॉर्कच्या ‘न्यू म्युझिक सेमिनार’मध्ये डीजेंची स्पर्धा झाली आणि ती जेफनं जिंकली. काय होतं त्याच्या हातात? एक हात तबकडीवर, ती पुढे-मागे घासणारा. दुसऱ्या हाताची बोटं फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या कळीवर, आवाजाची उघडझाप करणारी. सलग ओढलेल्या एका आवाजाचे तो इतके बारीक आणि इतके तालात तुकडे पाडायचा की त्याची वेगळीच बोली व्हायची. याला म्हणतात ‘ट्रान्सफॉर्मर स्क्रॅच’. कार्टूनमधले यंत्रमानव रूप बदलताना जो आवाज करतात, त्यावरून हे नाव पडलं. फिलाडेल्फियातल्या स्पिनबॅड आणि कॅश मनी या डीजेंनीही हा स्क्रॅच घडवला. जेफच्या हाती तो आला तेव्हा त्यात एक सफाई आली. वेग कितीही वाढो, ताल सांडत नाही.

हा अल्बम जाइव्ह रेकॉर्ड्सनं काढला आणि त्याचं बरंचसं ध्वनिमुद्रण लंडनमध्ये झालं. रॅपमध्ये तेव्हा क्वचितच दिसणारी गोष्ट म्हणजे तो दोन तबकड्यांचा होता. जेफच्या हातांना ऐसपैस जागा मिळाली ती त्यामुळे. जोडीबरोबर तिसराही एक होता, रेडी रॉक सी. ‘ह्यूमन व्हिडिओ गेम’मध्ये तो ‘डाँकी काँग’ या खेळाचे आवाज नुसत्या तोंडानं काढतो.

पण जगानं उचललं ते ‘पेरेंट्स जस्ट डोन्ट अंडरस्टँड’. शाळेसाठी आईनं घेतलेले जुन्या वळणाचे कपडे, आणि आईबाप गावाला गेल्यावर गुपचूप बाहेर काढलेली नवी गाडी. घराघरातली ही कुरबूर एमटीव्हीवर झळकली आणि गाणं बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १२व्या क्रमांकापर्यंत गेलं. पाठोपाठ ‘अ नाइटमेअर ऑन माय स्ट्रीट’ १५व्या क्रमांकावर. हे गाणं फ्रेडी क्रूगर या भयपटातल्या पात्रावर बेतलेलं होतं. चित्रपटाची मालक कंपनी न्यू लाइन सिनेमा कोर्टात गेली आणि गाण्याचा व्हिडिओ अडकला. तो लोकांसमोर आला २०१८ साली, तीस वर्षांनी.

अल्बम बिलबोर्डच्या अल्बम-यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचला आणि अमेरिकेत त्याला तिहेरी प्लॅटिनम मिळालं, म्हणजे ३० लाख प्रती.

आणि टीका? ती एका शब्दात मावायची: ‘सॉफ्ट’. त्याच वर्षी पब्लिक एनिमी या रॅप गटाचा घणाघाती अल्बम आला होता. त्याच्या शेजारी शिवी न देणारा, घरातल्या गमती सांगणारा मुलगा अनेकांना रॅपर वाटेना. विलच्या शिव्या न देण्यामागे त्याची आजी होती. त्याची वही तिच्या हाती लागली तेव्हा तिनं त्यातच लिहून ठेवलं होतं की खऱ्या बुद्धिमान माणसाला असे शब्द लागत नाहीत. मला ती टीका तेव्हाच्या घाईची वाटते. तालात, यमकात, एकही ओळ वाया न घालवता हसवणारी गोष्ट सांगणं सोपं नाही. आणि ‘सॉफ्ट’ म्हणणाऱ्यांनी जेफचे हात ऐकलेच नाहीत, ही माझी खरी तक्रार.

फेब्रुवारी १९८९. ग्रॅमीत रॅपसाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला गेला आणि तो याच जोडीला मिळाला. मात्र तो टीव्हीवर दाखवला जाणार नव्हता. पुरस्कार द्यायचा, पण पडद्याआड. जोडी समारंभाला गेलीच नाही. नामांकन मिळालेले रॅपर एलएल कूल जे आणि रॅप गट सॉल्ट-एन-पेपा हेही बहिष्कारात होते. ज्यांना सौम्य म्हणून हिणवलं जात होतं, ते रॅपच्या मानासाठी पहिल्या रांगेत उभे राहिले. पुढच्या वर्षी ग्रॅमीच्या मंचावर, सगळ्यांना दिसेल असं, या दोघांनी गाणं सादर केलं.

१९९०च्या सप्टेंबरमध्ये एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर विलची टीव्ही मालिका ‘द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर’ सुरू झाली. तिथे जेफ हा घराबाहेर फेकला जाणारा विनोदी मित्र होता. लाखो लोक त्याला तेवढ्यावरूनच ओळखतात.

म्हणून आता सुई ठेवू याच अल्बममधल्या ‘लाइव्ह ॲट युनियन स्क्वेअर’वर. नोव्हेंबर १९८६, न्यूयॉर्कचा क्लब, समोर खच्चून भरलेली गर्दी. विल लोकांना सांगतोय, याच्या हातांकडे बघा. मग तो गप्प होतो, आणि जेफ बोलायला लागतो.