संकरित भात आणि जमिनीतलं मीठ

श्रोतेहो, नमस्कार.

भात पाण्यात उभा राहतो, चिखलात वाढतो, पण मिठापुढे मात्र फार लवकर मान टाकतो. जमिनीची क्षारता डेसिसायमन प्रति मीटर या एककात मोजतात. बार्ली हे पीक 8 एककांपर्यंत उत्पादनात घट दाखवत नाही, गहू 6 पर्यंत तग धरतो. भाताची मर्यादा आहे 3. त्यापुढे दर एककाला साधारण 12 टक्के उत्पादन घटतं, असं रूढ गणित आहे. म्हणजे सहा-सात एककांच्या जमिनीत पीक उभं दिसतं खरं, पण कापणीला हाती निम्म्याच्या आसपास येतं.

अशा जमिनीसाठी संकरित भात चालेल का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. संकरित वाण जोमदार असतो, भराभर वाढतो, फुटवे जास्त देतो. मग तो मीठही पचवत असेल, असं गृहीत धरलं जातं. माझं म्हणणं असं की जोम आणि क्षारसहनशीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोम दोन वेगळ्या वाणांच्या मिलनातून येतो. सहनशीलता त्या दोन वाणांपैकी कुणाकडे तरी आधीच असावी लागते, आणि बऱ्याचदा दोघांकडेही.

हे असं का, ते समजण्यासाठी आधी मीठ रोपाचं काय करतं ते पाहू.

मिठाचा मारा दोन टप्प्यांत होतो. पहिला टप्पा लगेच जाणवतो. मुळांभोवतीच्या पाण्यात मीठ वाढलं की पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही आणि वाढ खुंटते. दुसरा टप्पा सावकाश येतो. सोडियम पाण्याबरोबर वर चढतो आणि पानांत साठत जातो. पेशींना पोटॅशियम हवा असतो. त्याची जागा सोडियम घ्यायला लागला की विकरांची कामं अडतात, जुनी पानं शेंड्याकडून करपतात. म्हणून पैदासकार रोपाच्या हिरव्या भागातलं सोडियम आणि पोटॅशियम यांचं प्रमाण तपासतात. ते जितकं कमी, तितकं रोप सहनशील.

भाताची एक खास अडचणही आहे. मुळाच्या आत पाणी गाळून घेणारा एक थर असतो, पण आडवी मुळं जिथून फुटतात तिथे तो थर सलग राहत नाही. तिथून खारं पाणी पेशींना वळसा घालून थेट आतल्या जलवाहिनीत शिरतं. एकदा तिथे पोचलं की पानापर्यंतची वाट मोकळी.

ही वाट अडवणारं जनुक 2005 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी शोधून काढलं. पश्चिम बंगालच्या खाऱ्या किनारपट्टीतला नोना बोक्रा हा जुना वाण आणि कोशिहिकारी हा मिठाला नाजूक असलेला जपानी वाण यांचा त्यांनी संकर केला होता. जनुक सापडलं पहिल्या गुणसूत्रावर. त्याला एसकेसी 1 असं नाव मिळालं. एचकेटी नावाच्या प्रथिनांच्या घराण्यात ते मोडतं. त्यातून तयार होणारं प्रथिन जलवाहिनीला लागून असलेल्या पेशींच्या पडद्यावर बसतं आणि वर निघालेला सोडियम वाटेतच बाहेर काढून घेतं. वाटेतला जकात नाकाच म्हणा ना. दोन्ही वाणांत हे जनुक असतं. फरक आहे तो प्रथिनातल्या चार अमिनो आम्लांचा, आणि त्या चार जागांमुळे नोना बोक्राचा नाका जास्त सोडियम अडवतो. चार जागांच्या फरकावर एक वाण खाऱ्या जमिनीत जगतो आणि दुसरा करपतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

केरळच्या किनाऱ्यावरचा पोक्काळी हा दुसरा नामांकित वाण. खाऱ्या पाण्याच्या खाचरांत एका हंगामात भात आणि दुसऱ्यात कोळंबी, अशी त्याची जुनी पद्धत आहे. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पोक्काळीचा आयआर 29 या नाजूक वाणाशी संकर झाला. त्या पिढ्यांच्या अभ्यासातून पहिल्याच गुणसूत्रावरचा एक टापू पुढे आला, त्याला साल्टॉल म्हणतात. एसकेसी 1 याच टापूत येतं. पोक्काळी उंच वाढतो, लोळतो, दाणा तांबूस, उत्पादन बेताचं. त्यामुळे थेट पोक्काळी वापरण्यापेक्षा या संकरातून निवडलेली एफएल 478 ही बुटकी ओळ, म्हणजे पैदाशीसाठी स्थिर केलेला वंश, सहनशीलतेचा दाता म्हणून जगभर वापरली गेली.

सहनशील रोप कसं निवडतात, तेही सांगतो. थर्माकोलच्या पत्र्याला ओळीनं भोकं पाडतात आणि खालून नायलॉनची जाळी लावतात. मोड आलेलं बी एकेका भोकात ठेवून पत्रा ट्रेमधल्या पोषक द्रावणावर तरंगत सोडतात. रोपं थोडी सावरली की द्रावणात मीठ घालतात, आधी 6 एककांपर्यंत, तीन दिवसांनी 12 पर्यंत. द्रावणाचा सामू रोज तपासून 5 वर आणून ठेवावा लागतो. दोनेक आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. एका रांगेतल्या आयआर 29 च्या पानांच्या सुरळ्या होऊन ती वाळलेली असतात, शेजारच्या रांगेत एफएल 478 हिरवी उभी असते. मग प्रत्येक रोपाला 1 ते 9 गुण देतात. इथे 1 म्हणजे उत्तम आणि 9 म्हणजे मेलेलं किंवा मरायला टेकलेलं.

चाचणी देखणी आहे, पण ती रोपावस्थेची आहे. भात मिठाला दोनदा नाजूक असतो. एकदा दोन-तीन पानांवर असताना आणि दुसऱ्यांदा पोटरीत लोंबी तयार होण्यापासून फुलोऱ्यापर्यंत. मधल्या काळात, म्हणजे फुटवे येताना, तो बऱ्यापैकी सोसतो. गंमत अशी की या दोन अवस्थांमधली सहनशीलता बहुतांशी वेगवेगळ्या जनुकांवर अवलंबून असते. ट्रेमध्ये अव्वल ठरलेली ओळ शेतात निसवल्यावर पळिंज, म्हणजे पोकळ दाणे, देऊ शकते. फुलोऱ्यात मीठ लागलं की परागकण दुबळे होतात, दाणे भरत नाहीत. इथे साल्टॉल फारशी मदत करत नाही. फुलोऱ्यातल्या सहनशीलतेचे टापू शोधण्याचं काम अवघड आहे, कारण प्रत्येक ओळ वेगळ्या दिवशी फुलते आणि त्या दिवशीचं ऊन, वारा, पाण्यातलं मीठ वेगळं असतं. हे काम मागे पडलं याचं कारण मला तरी इतकंच दिसतं, ट्रेमधली चाचणी सोपी आहे.

आता संकराकडे वळू.

भाताचं फूल स्वतःच स्वतःला फळवतं. मोठ्या प्रमाणावर संकरित बी काढायचं तर मादी वाण नर-वंध्य हवा, म्हणजे त्याचे स्वतःचे परागकण निकामी हवेत. चीनच्या हैनान बेटावर 1970 मध्ये रानभाताचं असं एक वांझ रोप सापडलं. भातशास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांच्या चमूनं त्याच्या आधारे 1973 मध्ये तीन ओळींची पद्धत बसवली आणि 1976 पासून संकरित भात मोठ्या क्षेत्रावर गेला. ए लाईन म्हणजे वांझ मादी. बी लाईन तिची जुळी, फक्त फलनक्षम. ए लाईनचं बी टिकवायला ती लागते. आर लाईन म्हणजे नर, त्याच्याकडची जनुकं वांझपणा झाकतात आणि शेतकऱ्याच्या शेतात दाणा भरतो.

या तिघांपैकी सहनशीलतेचं जनुक घालायचं कुणात? शेतकऱ्याच्या शेतातलं रोप आईकडून एक प्रत घेतं, बापाकडून एक. जनुक प्रभावी असेल, म्हणजे एका प्रतीनं काम भागत असेल, तर ते एकट्या आर लाईनमध्ये घातलं तरी चालतं. ए लाईन मिठाला नाजूक राहिली तरी बिघडत नाही, कारण बीजोत्पादन गोड्या पाण्याच्या शेतात होतं. कष्टाच्या दृष्टीनं हाच मार्ग स्वस्त. पण सहनशीलतेत भर घालणारे बरेच परिणाम बेरजेचे असतात, दोन प्रती असतील तर गुण पूर्ण आणि एकच असेल तर मधला. अशा वेळी एका बाजूचं दान पुरत नाही. काही गुण तर जनुक बंद पडल्यामुळे मिळतात. तिथे समोरून एक चालू प्रत आली की बहुतेक वेळा गुण झाकला जातो, आणि तिन्ही ओळी बदलण्यावाचून गत्यंतर नसतं.

तिन्ही ओळी बदलणं म्हणजे काय, तेही पाहा. दात्याशी संकर करून मूळ ओळीशी पुन्हा पुन्हा संकर करत जायचं. दर पिढीला दात्याचा वाटा निम्मा होतो; तिसऱ्या उलट-संकरानंतर सरासरी 94 टक्के मूळ ओळ परत मिळते. डीएनए मार्करनी, म्हणजे जनुकाजवळच्या ओळखखुणांनी, योग्य रोपं आधीच निवडता येतात, म्हणून वेळ वाचतो. तरी आधी बी लाईन सुधारायची, मग तिच्या परागांनी ए लाईन पिढ्यान्‌पिढ्या बदलायची, हा क्रम चुकत नाही. आर लाईनमध्ये आणखी एक काळजी घ्यावी लागते. फलनक्षमता परत देणाऱ्या दोन मुख्य जनुकांपैकी एक, आरएफ 3, पहिल्याच गुणसूत्रावर आहे, म्हणजे साल्टॉल आहे त्याच गुणसूत्रावर. दात्याचा तुकडा हवा त्याहून लांब आला, तर मीठ सोसणारी पण दाणा न भरवणारी आर लाईन हाती येण्याचा धोका असतो.

मग संकराच्या जोमाचा काहीच उपयोग नाही का? आहे. झपाट्यानं वाढणाऱ्या रोपात तेवढाच सोडियम जास्त हिरव्या भागात पसरतो, प्रत्येक पेशीच्या वाट्याला कमी येतो. म्हणून सौम्य क्षारतेत संकरित वाण बरा दिसतो. पण वाढ थांबली की हा फायदाही संपतो, आणि वाढ थांबते ती नेमकी फुलोऱ्याच्या सुमाराला. म्हणून चाचणी संकरित रोपावरच आणि लोंबी भरेपर्यंत घ्यावी, अशा मताचा मी आहे. आईबापांचे ट्रेमधले गुण बघून संकराची खात्री देणं मला पटत नाही.

चीनमध्ये 2020 साली जिआंगसू प्रांतातल्या रुडाँग इथे क्षारपड जमिनीवर एका संकरित वाणाचं उत्पादन म्यूला, म्हणजे हेक्टरच्या पंधराव्या हिश्श्याला, सरासरी 802.9 किलो निघाल्याचं जाहीर झालं. हेक्टरी ते 12 टनांच्या आसपास होतं. आकडा मोठाच आहे. ‘समुद्री भात’ म्हणून या प्रयत्नांच्या बातम्या झाल्या. प्रत्यक्षात अशा चाचण्यांच्या पाण्यात मीठ साधारण 0.3 ते 0.6 टक्के असतं. समुद्राच्या पाण्यात ते 3.5 टक्के असतं. समुद्राच्या पाण्यावर भात पिकवणं अजून कुणाला जमलेलं नाही.

भारतात मे 2025 मध्ये जनुक-संपादनानं तयार केलेले दोन भात वाण जाहीर झाले. त्यांतला पुसा डीएसटी राईस 1 हा एमटीयू 1010 या लोकप्रिय वाणात डीएसटी जनुकाचं काम थांबवून केलेला आहे. हे जनुक पानांवरच्या रंध्रांची, म्हणजे बारीक छिद्रांची, उघडझाप सांभाळतं. ते बंद झालं की रंध्रं कमी उघडतात, पाणी कमी उडतं आणि पाण्याबरोबर वर चढणारा सोडियमही कमी होतो. हा सरळ वाण आहे, संकरित नव्हे. हाच गुण संकरात आणायचा झाला तर आई आणि बाप दोघांत संपादन करावं लागण्याचीच शक्यता जास्त.

शेवटी बियाण्याबद्दल. संकरित भाताचं घरचं बी खारवट शेतात पेरू नका. पुढच्या पिढीत जनुकं विखुरतात. एका बाजूनं आलेलं एक प्रभावी जनुक असेल तर चौथा हिस्सा रोपांत ते उरतच नाही. अशी तीन वेगवेगळी जनुकं लागत असतील तर तिन्ही एकत्र असलेली रोपं 64 पैकी 27 निघतात. त्यात भर म्हणून वांझपणा झाकणारी जनुकंही विखुरतात आणि काही लोंब्या रिकाम्या राहतात. दरवर्षी नवं बी घेणं परवडत नसेल, तर मीठ सोसणारा सरळ वाण लावा. त्याचं उत्पादन गोड्या जमिनीत संकरापेक्षा कमी भरेल, पण त्याचं बी पुढच्या वर्षीही तसंच उगवेल.

नमस्कार.