बोगनवेलीला बी धरत नाही, मग इतके रंग आले कुठून?

एप्रिल-मे मध्ये हायवेच्या डिव्हायडरवर सगळं करपलेलं असतं आणि बोगनवेल मात्र पेटल्यासारखी फुललेली. पण जरा जवळ जाऊन बघा, हे जे रंगीत दिसतंय ते फूल नाहीच, ती पानं आहेत, ब्रॅक्ट म्हणतात त्यांना, खरी फुलं म्हणजे मधल्या त्या तीन बारक्या नळ्या. त्यांचं रंगद्रव्यसुद्धा जास्वंदीतल्यासारखं नाही, बिटातल्या रंगद्रव्याच्या घराण्यातलं.

आता एवढी फुलते तर बी कुठंय? बागेतल्या बऱ्याचशा व्हरायटींना बी धरतच नाही. मिसेस बट ही लाल व्हरायटी घ्या, १९१० साली कोलंबियातल्या कार्टाजेनाहून त्रिनिदादला आणलेली, दोन वेगळ्या जातींचा संकर. दोन्हीकडून १७-१७ क्रोमोसोम, म्हणजे पेशीतली आनुवंशिक गुण वाहून नेणारी गुणसूत्रं, एकूण ३४. परागकण तयार होताना यांच्या जोड्या लागून नीट निम्मी निम्मी वाटणी व्हायला हवी, पण दोन जातींचे क्रोमोसोम, आतली मांडणी एकमेकांशी पूर्ण जुळत नाही, मग वाटणीत काही कमी काही जास्त, आणि परागकण निघतात पिचकलेले, रिकामे.

मग रंग वाढले ते फांदीतून! फांदीवरच्या एखाद्या डोळ्यातल्या, म्हणजे कोंबातल्या, पेशीत बदल होतो आणि तेवढीच फांदी वेगळ्या रंगाची निघते. कलकत्त्याला १९४९ मध्ये मिसेस एच. सी. बक या व्हरायटीवर अशीच फांदी आली, एकाच झुपक्यात पांढरा आणि गुलाबी, कधी कधी तर एकाच ब्रॅक्टचे दोन भाग दोन रंगांचे. हीच आपली मेरी पामर. माळ्याने तेवढी फांदी कापून कलम केलं की झाली नवी व्हरायटी, बी लागतंय कशाला.

पण लखनौला राष्ट्रीय वनस्पती उद्यानात, म्हणजे आताच्या एनबीआरआयमध्ये (राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत), डॉ. टी. एन. खोशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांना नवे संकर करायला बी हवंच होतं. त्यांनी वापरलं कोल्चिसिन, एक वनस्पतिजन्य रसायन, जे आपल्या कळलावीतही असतं, प्रचंड विषारी प्रकरण. याने पेशी विभागायची थांबते पण क्रोमोसोम दुप्पट होऊन बसतात, ३४ चे ६८. आता प्रत्येकाला अगदी स्वतःसारखाच जोडीदार मिळाला, वाटणी सुरळीत, आणि वांझ समजल्या गेलेल्या व्हरायटींना चक्क बी धरायला लागलं!

बियांच्या रोपाला रंग कुठला येणार हे फुलल्याशिवाय कळत नाही, त्यामुळे नर्सरीवाले अजूनही कलमंच करतात, गिऱ्हाईकाला मेरी पामर हवी असते तेव्हा मेरी पामरच द्यावी लागते ना.