मृणालताई : गोरेगावच्या नळापासून

[दृश्य : जुना कृष्णधवल फोटो, मोर्चा]

रस्ता भरून बायका. एका हातात थाळी, दुसऱ्या हातात लाटणं. झेंडे शोधावे लागतात. साल १९७२. राज्यात दुष्काळ, रेशनचं धान्य वेळेवर नाही, रॉकेलला रांगा, तेल-साखर हाताबाहेर गेलेली. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीची ही हाक. अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट, प्रमिला दंडवते समाजवादी, तारा रेड्डी आणखी वेगळ्या कम्युनिस्ट पक्षाच्या. एरवी एका मांडवात न बसणारी माणसं. आणि त्यांच्यात गोरेगावच्या मृणाल गोरे.

या फोटोपर्यंत पोचायला ताईंना वीसेक वर्षं लागली, आणि त्यातली बहुतेक नळापाशी गेली.

[दृश्य : गोरेगाव स्टेशन, पश्चिमेचा बाजार]

जन्म १९२८चा, माहेरचं आडनाव मोहिले. डॉक्टरकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं, कारण राष्ट्र सेवा दल या समाजवादी युवक संघटनेचं काम. १९४८मध्ये केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न. दोघांनी गोरेगावात बस्तान बसवलं. तेव्हा हे मुंबईबाहेरचं गाव. १९५७मध्ये ते महापालिकेच्या हद्दीत आलं, आणि पुढच्याच वर्षी बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी. आरे रोडवरचं हे केशव गोरे स्मारक त्यांच्याच नावाचं. आजही इथे रोज काही ना काही चालू असतं.

१९६१मध्ये ताई नगरसेवक झाल्या.

[दृश्य : सार्वजनिक नळ, हंडे-कळशांची रांग]

नळ मिळणं म्हणजे काय, हे घरात तोटी असलेल्यांना समजावून सांगावं लागतं. आधी मोठी जलवाहिनी जवळपास हवी. ती असली तर त्यात दाब हवा. दाब असला तर खात्याची परवानगी हवी. आणि परवानगी हवी तर तुमची वस्ती अधिकृत हवी. झोपडपट्टीचं घोडं इथेच अडायचं. हद्द वाढली, कर लागू झाले, पण तानसा-वैतरणेच्या धरणांचं पाणी आधी जुन्या शहराला. उपनगरातल्या बाईने पहाटे उठून नंबराला हंडा लावायचा आणि पाणी सुटायची वाट बघायची. मधे भांडण झालं तर कळशी आपटायची, ती पोचे पडलेली कळशी पुन्हा रांगेत.

ताईंनी भांडण नळावरून उचलून पालिकेत नेलं. बायकाच रिकामे हंडे घेऊन साहेबांच्या दारात. जोडीला अर्ज, सभागृहात प्रश्न, पुन्हा अर्ज. झोपडी बेकायदा असेल, तहान बेकायदा कशी, असा तो सरळ मुद्दा. हळूहळू लाइनी आल्या, सार्वजनिक नळ आले. ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी दिलं. कुठल्या प्रचारप्रमुखाला ते सुचलं नसतं.

१९७२मध्ये त्या विधानसभेवर गेल्या. आणि मग लाटणं.

[दृश्य : मोर्चाचे आणखी फोटो]

लाटणं निवडण्यात शहाणपणा होता. ते विकत आणावं लागत नाही, पोलिसांना जप्त करायला लाज वाटते, आणि थाळीवर बसलं की चाळीच्या चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. जिला मोर्चाला येता येत नव्हतं, तिने ठरलेल्या वेळी घरातूनच थाळी बडवायची.

आणीबाणीत ताई काही काळ भूमिगत होत्या, नंतर अटक, अकोल्याच्या तुरुंगात एकांतवास. १९७७मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या, आणि मुंबईच्या भिंतींवर घोषणा झळकली : पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात! दिल्लीवाली बाई म्हणजे निवडणूक हरलेल्या इंदिरा गांधी.

१९८५मध्ये पुन्हा विधानसभा. गर्भलिंगनिदानाविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक आणलं. बाहेर महिला संघटना रस्त्यावर होत्याच. १९८८मध्ये महाराष्ट्राने देशातला तसा पहिला कायदा केला, केंद्राचा आला १९९४मध्ये.

[दृश्य : दिंडोशी, नागरी निवाराच्या इमारती, गॅलरीत वाळत घातलेले कपडे]

आता या इमारती. कमाल जमीनधारणा कायदा १९७६चा. जादा जमीन सरकारने घेऊन गरिबांच्या घरांना द्यायची, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात जमीनमालक सूट मिळवत होते. ताई, बाबुराव सामंत, प. बा. सामंत यांनी नागरी निवारा परिषद उभी केली आणि सरकारकडे तोच कायदा दाखवून जमीन मागितली. मोर्चे, कोर्ट, पुन्हा मोर्चे. त्यात वर्षं गेली. पण दिंडोशीच्या या उतारावर सहा हजारांच्या आसपास घरं झाली, बिल्डरशिवाय. मुंबईत बिल्डरशिवाय! हे वाक्य आम्ही मुद्दाम दोनदा ठेवलंय.

१७ जुलै २०१२ रोजी वसईत ताईंचं निधन झालं.

[दृश्य : गोरेगावचा मृणालताई गोरे उड्डाणपूल, खालून जाणारा पाण्याचा टँकर]

डिसेंबर २०१४मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की घर अनधिकृत आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण पालिकेने आणलं २०२२मध्ये. त्यासाठीही अर्ज करावा लागतो.