वर्कलोडचा कागद भिंतीवर लावा

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘विद्यापीठीय विभागातील कार्यभाराचे वाटप : तत्त्व आणि व्यवहार’. मला बोलायचंय ते एका कागदाबद्दल. दर सत्राच्या तोंडावर विभागप्रमुखांच्या टेबलावर तो तयार होतो. कोण कोणता पेपर शिकवणार, किती तासिका घेणार, प्रॅक्टिकलची कोणती बॅच सांभाळणार, सगळं त्यावर ठरतं. बहुतेक विभागांत तो कपाटात असतो. तो भिंतीवर लागला पाहिजे, एवढं माझं म्हणणं आहे. ते का, हे सांगायला थोडं मागून यावं लागेल.

समोर बहुतेक शिकवणारीच मंडळी आहेत. मागच्या रांगांत तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासिकेपुरते पैसे मिळणारे, तरुण मित्रही दिसताहेत, त्यांचं मला विशेष बरं वाटलं. वर्कलोड म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. आकडे मात्र एकदा समोर ठेवते, कारण भांडण तिथूनच सुरू होतं. यूजीसीच्या, म्हणजे दिल्लीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या विनियमांप्रमाणे पूर्णवेळ शिक्षकाचा आठवडा ४० तासांचा. त्यात प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाला १६ तास, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४ तास. आपली तासिका ४८ मिनिटांची, म्हणजे १६ घड्याळी तासांच्या होतात २० तासिका. हा वीसचा आकडा तुम्हा सगळ्यांना झोपेतही आठवेल.

मे २०१६ मध्ये यूजीसीने हे तास वाढवले होते. देशभर शिक्षक रस्त्यावर आले आणि थोड्याच काळात यूजीसीला ते मागे घ्यावं लागलं. तो आपला विजय होता आणि मला त्याचा अभिमान आहे. पण दिल्लीने वाढवलेल्या तासांविरुद्ध एक होणारे आपण, शेजारच्या टेबलावरचे तास आपल्याच एका सहकाऱ्याच्या डोक्यावर सरकवले जातात तेव्हा गप्प का बसतो? हा प्रश्न मला नोकरीभर छळत आला.

आता ती गोष्ट सांगते. माझ्या नोकरीच्या काळात मी जवळून पाहिलेला एक विभाग. त्याचं नाव घेणार नाही, माणसांचीही घेणार नाही. तिथे एक मॅडम होत्या, विज्ञानाच्या, हाडाच्या शिक्षिका. त्यांच्या वर्गात मुलं खिडकीपाशी उभी राहून ऐकायची. जूनअखेर बैठक झाली, प्रमुखांनी वाटप वाचून दाखवलं. मॅडमच्या वाट्याला दोन थिअरी पेपर आले, दोन्ही नव्या अभ्यासक्रमाचे. नवा पेपर म्हणजे काय, हे शिकवणाऱ्यालाच माहीत. नोट्स नव्या, प्रश्नसंच नवे, पुस्तक मिळेल न मिळेल, आणि एका तासिकेमागे घरी चार-चार तास. शिवाय दुपारच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस. सकाळी पहिली तासिका त्यांची आणि संध्याकाळी लॅबला कुलूप लागेस्तोवर शेवटची बॅचही त्यांचीच. मधले चार तास रिकामे, म्हणजे घरी जाता येत नाही आणि विभागात बसावं तर कोणीतरी कसली ना कसली फाइल आणून ठेवतं.

त्याच विभागात एक सर होते, प्रमुखांच्या जवळचे. त्यांच्या नावापुढेही बेरीज वीसच होती. ही बेरीज कशी जमते ते नीट ऐका, कारण सगळी कारागिरी तिथे आहे. एक थिअरी पेपर, वर्षानुवर्षं तेच शिकवत आलेले. एका प्रॅक्टिकल बॅचवर तीन शिक्षकांची नावं आणि प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण तासिका. त्या तिघांत लॅबमध्ये उभ्या असायच्या मॅडम. मग ‘प्रकल्प मार्गदर्शन’, मग ‘सेमिनार’, मग ‘ग्रंथालय तासिका’. कागदावर वीस भरल्या. प्रत्यक्षात सर मंगळवार ते गुरुवार दिसायचे, तेही जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

मॅडमनी प्रमुखांना विचारलं. भांडण केलं नाही, फक्त विचारलं, की एक बॅच त्या सरांकडे जाऊ शकते का. प्रमुख अगदी प्रेमानं म्हणाले, “मॅडम, तुमच्यासारखं कोण शिकवते? त्यांना देऊन काही फायदा आहे का, तुम्हीच सांगा. पोरांचं नुकसान होईल न.” आता यावर बाई काय बोलणार? कौतुकाच्या आड अन्याय केला की समोरच्याचं तोंडच बंद होतं. जो नीट काम करत नाही त्याला कमी काम, जी करते तिला जास्त. आणि हे सगळं विद्यार्थ्यांच्या भल्यासाठी! पुढे नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं आणि विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, फाइल आली, ती मॅडमकडे, कारण “तुमचं लिखाण नीटनेटकं”. प्रवेश समिती त्यांच्याकडे. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत पेपर तपासायला केंद्रावर त्याच, कारण सरांना ऊन सोसत नाही. नागपूरच्या मेमध्ये ऊन कोणाला सोसतं, मंडळी?

या गोष्टीत तिसरा एक माणूस आहे. माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय त्याच्यावर झाला. उमरेडकडून एसटीने येणारा एक मुलगा, नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास झालेला, तासिका तत्त्वावर लागलेला. त्याला पैसे घेतलेल्या तासिकेचे, सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या कामाचे तर नाहीतच. सर नसले की त्याला निरोप यायचा, “आज तू घेऊन घे.” तो वर्ग घ्यायचा, हजेरीपटावर सही सरांची. मी त्याला एकदा म्हटलं, अरे, नाही म्हण. तो म्हणाला, “मॅडम, मना कसं करू? पुढच्या जूनमध्ये यांच्याच सहीनं परत यायचं आहे.” बोलताना त्याचा आवाजही चढला नाही. त्या वाक्यावर मी पुढे खूप विचार केला. जो प्रमुख वाटप करतो, तोच दरवर्षी याची नेमणूकही करतो. मग वाटपातलं उरलंसुरलं, नको असलेलं सगळं खाली घरंगळत जाऊन अशा मुलावर थांबतं. त्याच्या खाली ढकलायला कोणी नसतं.

तुम्ही म्हणाल, बाकीचे सहकारी काय करत होते? माहीत तर सगळ्यांना होतं. गप्प बसण्याचं कारण भीती हे आहेच, पण त्याहून चिवट एक कारण आहे आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. विभागातली पदं टिकतात ती वर्कलोडवर. विद्यार्थी कमी झाले, तासिका कमी भरल्या, की शासनाकडून विचारणा येते की एवढी पदं कशाला. इथे जागा रिकाम्या पडल्या तर भरतीला किती वर्षं लागतात ते आपण बघूनच राहिलो आहोत. म्हणून पद वाचवायला प्रत्येक विभाग कागदावर भार पूर्ण दाखवतो. थोडक्यात, कागद दोन होतात. एक वर पाठवायचा, दुसरा चालवायचा. पहिल्यावर सगळ्यांच्या सह्या. एकदा सही केली की दुसऱ्या कागदाविरुद्ध बोलायची सोय राहत नाही. मॅडमना हेच सांगितलं गेलं, “चौकशी लागली तर विभागाची एक जागा जाईल. तुमच्यामुळे गेली असं व्हायला नको.” पद वाचवणं ही सगळ्यांची खरी गरज आहे, मला ते मान्य आहे. पण त्या गरजेच्या पोटात एका माणसाचा आराम लपवला जातो आणि दुसऱ्याची पाठ मोडते. हे मला मान्य नाही, कधीच नव्हतं.

जरा इतिहासाकडे वळते, विषयाशीच संबंध आहे. आपलं नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ ला सुरू झालं तेव्हा सहा महाविद्यालयं होती आणि ९२७ विद्यार्थी. बिपिनकृष्ण बोस पहिले कुलगुरू. पुढे पसारा वाढत गेला. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळं झालं. २०११ मध्ये गोंडवाना झालं, चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे तिकडे गेले. अख्ख्या जिल्ह्यांची वाटणी झाली, ती कायद्याने, राजपत्रात छापून, चर्चा होऊन. कोणाकडे काय गेलं ते कोणीही वाचू शकतं. आणि विभागातल्या सात-आठ माणसांत वीस-वीस तासिका वाटायच्या, त्या मात्र दार लोटून!

संयोजकांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. मूळ मुद्दा अजून राहिलाच आहे, तो आता भरभर सांगते. तपशील हवा असेल त्यांनी नंतर गाठा.

आधी पदोन्नतीचा हिशेब. २०१८ च्या विनियमांत कॅससाठी, म्हणजे शिक्षकांच्या पदोन्नतीच्या योजनेसाठी, अध्यापनाची श्रेणी टक्केवारीवर आहे. नेमून दिलेल्या तासिकांपैकी किती घेतल्या, ते बघतात. ८० टक्के किंवा जास्त असेल तर ‘चांगले’, ७० ते ८० च्या दरम्यान ‘समाधानकारक’, त्याखाली ‘असमाधानकारक’. आता बघा. एकीला २० नेमून दिल्या, नॅक आणि प्रवेशाच्या धावपळीत तिने १५ घेतल्या, म्हणजे ७५ टक्के, ‘समाधानकारक’. दुसऱ्याला ८ नेमून दिल्या, त्याने आठही घेतल्या, १०० टक्के, ‘चांगले’. जवळजवळ दुप्पट शिकवणारी खालच्या श्रेणीत. नियम काय घेतलं ते मोजतो, काय नेमलं ते कोणी तपासत नाही. म्हणून वाटप ही अंतर्गत बाब आहे असं कोणी म्हणालं की मी ऐकून घेत नाही. पदोन्नतीची पहिली पायरी तिथेच बांधली जाते.

म्हणून, सत्र सुरू होण्याआधी एक तक्ता विभागाच्या फलकावर लागावा. नाव, पेपर, तो पेपर पहिल्यांदा शिकवताय की जुना आहे, थिअरी, प्रॅक्टिकल, बॅचवर प्रत्यक्ष कोण उभं राहणार, समित्या, दिवसाची पहिली आणि शेवटची तासिका. महिन्याच्या शेवटी त्याच्याच शेजारी दुसरा रकाना भरावा, प्रत्यक्ष कोणी घेतली त्याचा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाने घेतलेली तासिका त्याच्याच नावावर लागावी आणि तिचे पैसे त्यालाच मिळावेत. नव्या पेपरला पहिल्या वर्षी जास्त वजन द्या. २०२३-२४ पासून नवीन शैक्षणिक धोरणाची रचना पदव्युत्तरला आली, संशोधन पद्धती आली, कार्यप्रशिक्षण आलं, सगळेच पेपर नवे. ते कोणाच्या वाट्याला गेले ते आपापल्या विभागात एकदा बघा. सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची तासिका दर सत्राला फिरवा.

सवलतींचं काय? विस्तारकार्य आणि प्रशासनात सक्रिय असलेल्या प्राध्यापकांना दोन तासांची सूट विनियमांतच आहे, ती द्या आणि तक्त्यात लिहा. कोणी आजारी आहे, कोणाच्या घरी तान्हं बाळ आहे, त्यांनाही सूट द्या, मनापासून द्या. कारण भिंतीवर लिहू नका, फक्त ‘सवलत’ एवढंच लिहा, आणि कारणाची नोंद फाइलमध्ये ठेवा. माझा विरोध सवलतीला नाही. जवळचा आहे म्हणून दिलेल्या आणि वीसच्या बेरजेत लपवलेल्या सवलतीला आहे.

प्रमुख विचारतील, हे मागायचा अधिकार काय. अधिकार आहे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५, कलम ४. अधिकारी-कर्मचाऱ्यांची कर्तव्यं सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून जाहीर करायची आहेत. त्याच कलमात प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यायची तरतूद आहे. विद्यापीठ हे सार्वजनिक प्राधिकरणच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये बडतर्फी आणि पदावनतीसाठी न्यायाधिकरण आहे, बाकीच्या गाऱ्हाण्यांसाठी तक्रार निवारण समिती. वाटपाची तक्रार समितीकडे न्यावी लागते, आणि तिथे पहिला प्रश्न येतो, पुरावा काय? त्या मॅडमकडे पुरावा नव्हता. वर पाठवलेल्या कागदावर त्यांची सही होती आणि चालवायचा कागद कपाटात होता.

पदं जाण्याची भीती उरतेच, त्याचंही सांगते. खरा भार उघड केला तर बहुतेक ठिकाणी उलटंच दिसेल. रिकाम्या जागांचं काम चार माणसं आणि काही तासिकावाले ओढताहेत, हे दिसेल. पद मागायला याहून सबळ कागद कोणता? खोट्या बेरजेने आपण जागा टिकवतो असं वाटतं, पण त्याच बेरजेमुळे शासनाला म्हणता येतं की तुमचं भागतंय न.

वेळ संपली, संयोजक उभे राहिले आहेत. हा तक्ता लावावा अशा मागणीच्या अर्जाचा मसुदा मी करून आणला आहे, एकाच पानाचा, मराठीत. प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. सह्या दोघा-तिघांच्या एकत्र घ्या, एकट्याने देऊ नका, आणि तासिका तत्त्वावरच्या कोणाला सही मागू नका, त्यांची अडचण तुम्हाला ठाऊक आहे. वाटपाची बैठक व्हायच्या आधी तो प्रमुखांकडे द्या आणि पोच घ्या.