जहाज पाण्यावरून नेतं, पैसे उंचीला द्या

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, विषय छापलाय 'नॉर्वेच्या फियॉर्ड क्रूझवर कुठली एक्स्कर्शन्स घ्यावीत', म्हणजे बंदरात उतरून करायच्या सहली. निम्म्या सभागृहाचं साउथॅम्प्टनहून बुकिंग झालंय हे चहाच्या वेळीच कळलं, तेव्हा हिमनदीने दरी कशी कोरली, समुद्र आत शिरून फियॉर्ड कसा झाला, हा भूगोलाचा तास घेत नाही. एकेक बंदर घेऊन सांगणार आहे. पण आधी माझा एक हट्ट ऐकून घ्या.

पाण्यावरून फियॉर्ड बघायचे पैसे तुम्ही तिकिटातच भरलेले असतात. मग बंदरात उतरून पुन्हा 'फियॉर्डदर्शन बोट' कशाला? जहाजाला सगळं जमतं, फक्त डोंगर चढता येत नाही. म्हणून जमिनीवरचा खर्च उंचीसाठी करावा. एवढंच.

आमचे मेहुणे आज इथे नाहीत, म्हणून मोकळेपणाने बोलतो. गायरांगरला जाणारी काही जहाजं आधी हेलेसिल्टला थोडा वेळ थांबतात. तिथे एक सहल उतरवतात. बस होर्निंदाल, स्ट्रिन असा डोंगरांतून मोठा फेरा घालून दुपारी गायरांगरला जहाजाला येऊन मिळते. माहितीपत्रकात फोटो असा, की बघणाऱ्याने कार्ड काढावंच. मेहुण्यांनी काढलं. सकाळी नाश्ता अर्धा टाकून उतरले. आणि त्यानंतरच्या तासाभरात आमचं जहाज गायरांगरफियॉर्डमध्ये शिरलं! 2005 पासून जागतिक वारसा असलेला, पंधरा किलोमीटरचा तो चिंचोळा पट्टा. एका बाजूला 'सात बहिणी' धबधबा, समोरच्या कड्यावर त्यांना मागणी घालणारा आठवा. (जूनमध्ये जा. बर्फ वितळत असतं, बहिणी भरात असतात. उन्हाळा सरताना त्यातल्या काही माहेरी जातात.) आम्ही डेकवर हातात कॉफी घेऊन उभे, आणि मेहुणे बसमध्ये. म्हणजे लग्नाला एवढ्या लांब यायचं आणि ऐन अक्षतांच्या वेळी पंगतीत जागा धरून बसायचं!

बसमधून त्यांना होर्निंदाल तलाव दाखवला. 514 मीटर खोल, युरोपातला सर्वांत खोल म्हणतात. आता खोली काचेतून कशी दिसणार? दिसलं ते पाणी. मग चाळीस मिनिटं लोकरीच्या स्वेटरचं दुकान. तिथली किंमत ऐकून त्यांच्याबरोबरच्या आमच्या ताईंनी पुण्यातल्या तुळशीबागेची आठवण काढली. संध्याकाळी जहाज त्याच फियॉर्डमधून बाहेर पडतं, तेव्हा तरी बघायचं ना? पण त्यांची जेवणाची पाळी नेमकी त्याच वेळेची. बहिणी गेल्या, सूप आलं. पैसे देऊन आपण ज्यासाठी आलो तेच चुकवण्याची ही सोय आहे, आणि पत्रकात हे कुठेही लिहिलेलं नसतं. माझा राग त्यावर आहे. डोंगरातला तो रस्ता खरंच सुंदर आहे, त्याची मला तक्रार नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पळतो.

गायरांगर: दाल्सनिब्बा हा डोंगरमाथा, सुमारे दीड हजार मीटर. पण सहल आधी नोंदवावी लागते, ढग आधी कळवून येत नाहीत. वर पांढरं असेल तर जाऊ नका. गावातच धबधब्याच्या कडेने 327 पायऱ्या आहेत, फुकट.

फ्लॉम: 1940 पासूनची रेल्वे. वीस किलोमीटर, वीस बोगदे, समुद्रसपाटीपासून मिर्दालला 867 मीटर. ही घ्याच, पण जहाजाकडून किंवा आधी स्वतः तिकीट काढून. त्या दिवशी खिडकीवर मिळेल या भरवशावर राहू नका. ख्योसफॉसेन धबधब्याला गाडी थांबते, उन्हाळ्यात लाल कपड्यातली हुल्द्रा, तिकडची वनदेवी म्हणा, संगीतावर नाचते. हसू नका, फोटो तुम्हीही काढणार आहात. रेल्वे भरली असेल तर स्टेगास्टाइनचा फियॉर्ड बघायचा सज्जा, 650 मीटर.

बर्गन: जहाजाची कुठलीही सहल विकत घेऊ नका. ब्रिग्गेनची लाकडी घरं चालत बघा, तिथून जवळच फ्ल्यॉयबानेन, म्हणजे डोंगर चढणारी रेल्वे, पकडून 320 मीटर वर जा. छत्री घ्या, तिथे पाऊस कोकणासारखा हजेरी लावतो.

ऑलेसुंड: 1904 च्या आगीनंतर उभं राहिलेलं गाव. आक्स्ला टेकडीच्या 418 पायऱ्या. गुडघे दुखत असतील तर टॅक्सी वर जाते.

वेळेचं एक: जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः गेलात तर थांबत नाही. लांबच्या ठिकाणी त्यांची सहल, गावातल्या गावात आपली.

स्टॅव्हंगरला माझा नियम मोडतो. प्रेकेस्टोलेन हा कडा 604 मीटर, चढून-उतरून आठ किलोमीटर. चालणाऱ्यांनी जावं, बाकीच्यांनी लिसेफियॉर्डची बोट घ्यावी, कारण तिथे आपलं मोठं जहाज सहसा शिरत नाही.

ओल्डन राहिलं. ब्रिक्सदालची हिमनदी की लोएनचा स्कायलिफ्ट, म्हणजे रोपवे? लिफ्ट! 1011 मीटर, पाचेक मिनिटांत. हो, घंटा ऐकली.