बांधीत उभी बोट

हे मागं पांढरं दिसतंय ना, तो डोंगा नाही. डोंगा तो बाजूचा, लाकडी, डांबर फासलेला, ढीवरकाकांचा. ही बोट आहे, 26 फुटी, शिडाची, आत दोघांना झोपायला जागा, चहापुरता स्टोव्ह, आणि ती पवनी तालुक्यात, समुद्रापासून एवढ्या लांब काय करून राह्यली हे विचारायला रोज कोणी ना कोणी येतंच.

मालक माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जिंदगी गेली, डिझेल मेकॅनिक, 58व्या वर्षी रिटायर. पीएफचे पैसे आले तेव्हा घरात जितके माणसं तितके हिशोब होते, मोठीआईला स्लॅब टाकायचा होता, पोराला ट्रॅक्टर पाह्यजे होता, आणि हे रात्री जेवण झालं की फोनवर जुन्या बोटींचे फोटो पाहत बसायचे. मोठीआई म्हणाली, "भंगार पाहून राह्यले." तर यांनी तिला अभिलाष टॉमीचं सांगितलं, 2022 ला सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये तो माणूस एकटा जगाला चक्कर मारून दुसरा आला, आणि त्या रेसचा नियमच असा की बोटीचं डिझाइन 1988 च्या आधीचं पाह्यजे. जुनं म्हणजे भंगार नाही, असा मुद्दा. मोठीआईला पटला नाही, पण तिनं पासबुक लपवलं नाही, एवढं खरं.

1988 हे साल आमच्याकडं वेगळ्या कारणानं माहीत आहे. त्या वर्षी 22 एप्रिलला राजीव गांधींनी गोसीखुर्दचं भूमिपूजन केलं. वैनगंगेवर 33 दरवाज्यांचं धरण, मूळ मंजुरी 372 कोटींची, नंतरचे आकडे विचारू नका. आमची धानाची बांधी त्या पाण्यात गेली, गाव उठून नव्या गावठाणात आलं. म्हणजे पाणी आमच्या दारात आणून ठेवलंच होतं, बोट तेवढी बाकी होती.

बोट सापडली रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीत. मी सोबत होतो. मालक मोठा गोड माणूस, शहाळं वगैरे पाजलं, आणि मोठेबाबा शहाळं खाली ठेवून सरळ आत गेले, झाकण काढलं आणि इंजिनवर नुसता हात ठेवला. एक मिनिटभर ठेवला. मग वर पाहून म्हणाले, "हे गरम काऊन आहे जी?"

तो म्हणे सकाळीच चालवून बघितलं.

आता ज्यानं जुनी गाडी घेतली असेल त्याला हे समजतं. थंड इंजिनचे रोग गरम इंजिनमध्ये लपतात. मोठेबाबांनी भांडण केलं नाही, आवाजही चढवला नाही, म्हणाले आम्ही थांबतो, आणि आंब्याच्या झाडाखाली गमछा टाकून चार तास झोपले. उठून स्टार्टर मारला तर सातव्या वेळी लागलं, पांढरा धूर काढत. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. इंजेक्टर असेल तर किरकोळ काम, पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर इंजिन उतरवावं लागते. मोठेबाबांनी छातीठोकपणे इंजेक्टर सांगितला आणि तिथंच साठ हजार कमी करून घेतले. निघाल्या रिंगा. हे व्हिडिओत टाकू नको म्हणाले होते, पण साठातले बावन्न त्यातच गेले तर सांगायलाच पाह्यजे.

फायबरचं अंग मात्र त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून बोट तपासणारा सर्व्हेअर बोलावला, फी आपल्या खिशातून. मालकानं आणलेला सर्व्हेअर घेऊ नका, तो पैसे देणाऱ्याचाच असतो. त्यानं छोट्या हातोडीनं अख्खी बोट वाजवली, आपण माठ घेताना टिचकी मारतो ना तसंच, खणखणीत आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आत थर सुटलेले. डोलकाठीच्या तारांवरून त्यानं सुती फडकं फिरवलं, कुठं एखादा तुटलेला तंतू असेल तर फडकं अडकतं. दोन जागी अडकलं. तारा बदलल्या, तो खर्च वेगळा.

आणि पोटाखाली फोड होते. वाटाण्याएवढे, पंधरा-वीस. सर्व्हेअरनं एक फोडून बोटावर पाणी घेतलं आणि आमच्या नाकापुढं धरलं, शिरक्यासारखा आंबट वास. याला ऑस्मॉसिस म्हणतात, पाणी फायबरमध्ये हळूहळू झिरपतं आणि आतल्या रसायनात मिसळून फोड आणतं. मला वाटलं होतं खारं पाणी जास्त वाईट असेल, तर तो म्हणाला उलटं आहे, गोड्या आणि त्यातही कोमट पाण्यात हे लवकर वाढतं, तुम्ही नदीत नेणार असाल तर दरवर्षी काही महिने बाहेर काढून कडक वाळवा. मोठेबाबा हसले. म्हणाले, "साहेब, मे महिन्यात आमच्याकडं या एकदा."

मग ही बोट घ्यायचं खरं कारण, तिचे दोन पाय. बहुतेक शिडाच्या बोटींना पोटाखाली मधोमध एक खोल कील, म्हणजे खाली उतरलेलं जड पातं असतं, पाणी उतरलं की बोट आडवी पडते. हिला दोन्ही बाजूंना एकेक कील आहे, पाणी गेलं की गाय उभी राहावी तशी आपल्या पायावर उभी. बुडते पण पावणेतीन फूटच. बॅकवॉटरचं पाणी उन्हाळ्यात उतरणारच, तेव्हा क्रेन कोण आणणार.

आणायचं फार सांगत नाही. डोलकाठी काढून ट्रेलरवर, आंबा घाट, सोलापूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा, हजारेक किलोमीटर तीन दिवसांत झाले आणि शेवटचे नऊ किलोमीटर अख्खा एक दिवस, कारण गावातल्या विजेच्या तारा. पोरं बांबू घेऊन पुढं. परवानग्यांचं तर दुसऱ्या व्हिडिओत, आठ महिने लागले एवढंच.

पाण्यात उतरवल्यावर नव्या गोष्टी समजल्या. गोडं पाणी हलकं, म्हणून बोट समुद्रापेक्षा सहा-सात मिलिमीटर जास्त बुडते, ते काही नाही. पण बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यावर जस्ताचा एक तुकडा असतो, पंख्याऐवजी तो गंजावा म्हणून लावलेला, आणि तो गोड्या पाण्यात नीट कामच करत नाही, मॅग्नेशियमचा लागतो. भंडाऱ्यात बोटीचं सामान कुठं मिळणार? मोठेबाबांनी गीझर दुरुस्त करणाऱ्याकडून टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड आणला, कापला, भोक पाडलं, बसवला. सहा महिन्यांनी पाह्यलं तर अर्धा खाल्लेला, म्हणजे चालू आहे. इकॉर्नियाचं, म्हणजे जलपर्णीचं, मात्र औषध सापडलं नाही. ती हिरवी चादर आली की इंजिनची पाणी ओढायची जाळी दर अर्ध्या तासाला साफ करा, आणि मोठीआई शांतपणे वरून म्हणते, "स्लॅब टाकला असता तं त्यावर नसतं उगवलं."

हो, ती येते. पोळ्या बांधून येते.

पाण्याखाली चिंचेचे बुंधे आहेत, विहिरींचे काठ आहेत, एखादा पोल. खोली दाखवणारं यंत्र आहे बोटीवर, पण ते खालचं दाखवतं, पुढचं नाही. पुढचं मोठेबाबांना पाठ आहे. "डावीकडं घे, इथं पाटलाची विहीर." मी घेतो.

आता एप्रिल आहे, पाणी उतरलंय, लोकांनी गाळपेर केलीय, टरबूज लागलेत. बोट गेल्या मंगळवारी टेकली, आमच्याच जुन्या बांधीत. फोड खरवडून काढलेत, 44 डिग्रीत वाळत आहे. काल शेजारच्या बांधीचे जुने मालक आले, कमरेवर हात ठेवून एक चक्कर मारली आणि म्हणाले, "उजवा पाय आमच्या धुऱ्यावर आहे जी."

मोठेबाबा म्हणाले, "धुरा माहा आहे."

जमीन कोणाचीच राह्यली नाही, दोघांनीही मोबदला घेऊन वर्षं झाली. आता बोटीचा लांब आकडा घेऊन दोघं गाळात टोचून राह्यलेत, खुणेचा दगड कुठं आहे म्हणून.